‘फरक आढळला नाही’ म्हणजे नेमकं काय? सॉफ्टबॉलच्या वॉर्मअपवरचा एक पेपर वाचताना

मुलींचा सॉफ्टबॉलचा सामना बघितला असेल तर हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. एक जण बॅटिंग करतेय, पुढची ऑन-डेक सर्कलमध्ये उभी आहे आणि एक नाही तर दोन बॅटी एकत्र धरून फिरवतेय. कुणाकडे बॅटवर चढवायची जड कडी असते, तिला सगळे डोनट म्हणतात. हे कशासाठी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "जड बॅट फिरवली की नंतर आपली बॅट हलकी लागते, स्विंग फास्ट येतो." कोचना त्यांच्या कोचनी हे सांगितलेलं असतं, ते मुलींना सांगतात.

पीएच.डी.साठी विषय शोधताना मला हाच विषय हाताशी वाटला. साधा, मैदानावरचा, मोजता येईल असा. सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं, की महिला सॉफ्टबॉलमध्ये वॉर्मअपचं कुठलंही साधन वापरलं तरी फरक पडत नाही, असं आधीच्या संशोधनात आढळलं आहे. समोर बसलेल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "मग त्याच पेपरमध्ये डोनट वापरू नका, असं का म्हटलंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मी त्या पेपरचा फक्त गोषवारा वाचला होता, आणि तोही शेवटच्या वाक्यापर्यंत नाही.

आज तोच पेपर आपण नीट वाचू. तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, काही जण सिनॉप्सिस लिहिताय. तुमचा विषय सॉफ्टबॉल नसेलही. पण ‘फरक आढळला नाही’ हे वाक्य तुम्हाला कुठल्याही विषयात भेटणार, आणि ते चुकीचं वाचायचे जेवढे मार्ग आहेत ते जवळपास सगळे या एका पेपरवर दाखवता येतात.

पेपरमध्ये काय केलंय

पेपर २०१२ चा, ‘जर्नल ऑफ स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग रिसर्च’ मधला. डेव्हिड सिमान्स्की आणि त्यांचे सहकारी. अमेरिकेतल्या डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळाच्या वरच्या पातळीवरच्या १९ सॉफ्टबॉल खेळाडू मुली. सरासरी वय २० च्या जरा आत.

वॉर्मअपची साधनं आठ. सगळ्यात हलकं ५१० ग्रॅमच्या आसपास, सगळ्यात जड २.७ किलोच्या आसपास. प्रत्येक साधनाची चाचणी वेगळ्या दिवशी. दर वेळी क्रम तोच: आधी सगळ्यांना सारखा डायनॅमिक वॉर्मअप, मग त्या दिवशीच्या साधनाने पूर्ण जोर लावून तीन कोरे स्विंग, मग नेहमीच्या बॅटने आरामात दोन स्विंग, आणि शेवटी त्याच बॅटने बॅटिंग टीवर ठेवलेला चेंडू तीन वेळा पूर्ण ताकदीने मारायचा. दोन स्विंगमध्ये २० सेकंदांची विश्रांती. बॅट सगळ्यांना एकच: ३३ इंच, ६५२ ग्रॅम. मोजलं काय, तर बॅटचा वेग.

निष्कर्ष असा: आठ साधनांपैकी कुठल्याही साधनानंतरच्या बॅटच्या वेगात सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय फरक नाही. म्हणून खेळाडूंनी यातलं कुठलंही साधन वापरलं तरी वेग सारखाच राहील. तरीही डोनट वापरण्याची शिफारस करता येत नाही, कारण डोनटनंतरचा वेग सगळ्यात कमी आला.

शेवटची दोन वाक्यं परत वाचा. मॅडमचा प्रश्न तिथून आला होता.

आधी चांगलं काय ते

परीक्षण म्हणजे चुका काढणं, असा आपल्याकडे समज आहे. सेमिनारमध्ये कुणी पेपर सादर केला की पहिला हात ‘सॅम्पल साइझ लहान आहे’ म्हणायला वर जातो. थांबा. या पेपरने तीन गोष्टी नीट केल्यात, त्या आधी बघू.

पहिली गोष्ट, हा अभ्यास मुलींवर केला. या विषयावरचं बहुतेक काम पुरुष बेसबॉल खेळाडूंवरचं आहे. बेसबॉलची बॅट जड, चेंडू लहान, पिचर लांब आणि चेंडू वरून येणारा. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून येतो, तोही जवळून. बेसबॉलचे निष्कर्ष उचलून मुलींना लावणं सोपं होतं, या लोकांनी ते केलं नाही. सॉफ्टबॉल खेळाडूंवरचे असे अभ्यास फार कमी आहेत, हेच त्यांनी कारण म्हणून दिलंय.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मुलीची तुलना तिच्याशीच केली. आठही साधनं त्याच १९ जणींनी वापरली. समजा आठ वेगळे गट केले असते, तर एका गटात धिप्पाड खेळाडू, दुसऱ्यात नवख्या, आणि फरक साधनाचा की माणसांचा ते कळलंच नसतं.

तिसरी गोष्ट, एका दिवशी एकच साधन. आपल्याकडच्या प्रबंधांत सकाळी पहिलं साधन, तासाभराने दुसरं, दुपारी तिसरं असं उरकलेलं मी वाचलंय. तिसऱ्या साधनाला आलेला कमी वेग हा थकव्याचा असू शकतो. इथे ती शंका राहत नाही.

म्हणजे पेपर वाईट नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की चांगल्या पेपरमधून आपण काय उचलतो यात घोळ होतो.

पहिली गाठ: फरक नाही, तरी डोनट नको

‘कुठलंही चालेल’ आणि ‘डोनट नको’ ही दोन वाक्यं एकाच आकड्यांवर उभी राहू शकत नाहीत. फरक लक्षणीय नाही असं म्हटलं, की ‘सगळ्यात कमी’ या शब्दाला या आकड्यांपुरतं वजन उरत नाही. आठ साधनं रांगेत लावली की कुणीतरी शेवटचं येणारच. आठही साधनं अगदी सारखी असती तरी आलं असतं. तुम्ही आठ वेळा नाणी उधळलीत आणि एका खेपेला सगळ्यात कमी छापे पडले, तर ती खेप अशुभ ठरत नाही.

मग लेखकांनी असं का लिहिलं? कारण त्यांच्या मनात आधीचं संशोधन होतं. १९९२ साली डीरेन आणि सहकाऱ्यांनी हायस्कूलच्या बेसबॉल खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात नेहमीच्या बॅटच्या आसपास वजन असलेली साधनं चांगली ठरली होती आणि डोनट मागे पडलं होतं. २००३ साली सदर्ड आणि ग्रूमर यांनी दाखवलं, की जड बॅटने वॉर्मअप केल्यावर वेग तर कमी होतोच, स्विंगची घडणही बदलते. हे सगळं माहीत असताना डोनट पुन्हा तळाला दिसलं, की ‘नको’ म्हणावंसं वाटणं साहजिक आहे.

पण मग तसं म्हणायला हवं: आमच्या आकड्यांवरून डोनटविरुद्ध काही सांगता येत नाही, आधीच्या अभ्यासांच्या आधारे मात्र आम्ही सावध राहायला सांगतो. असं लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. ‘आम्हाला आढळलं’ आणि ‘आम्हाला आधीच वाटत होतं’ हे दोन रकाने निष्कर्षात वेगळे ठेवा. व्हायवाला प्रश्न नेमका तिथेच येतो.

दुसरी गाठ: १९ जणी आणि न दिसलेला फरक

आता ‘कुठलंही चालेल’ या वाक्याकडे. लक्षणीय फरक आढळला नाही, यावरून साधनं सारखी आहेत असं म्हणता येतं का?

एक हिशेब करू. हे आकडे पेपरमधले नाहीत, समजण्यासाठी घेतलेत. समजा दोन साधनांनंतरच्या वेगातला फरक प्रत्येक मुलीसाठी काढला आणि त्या फरकांचं प्रमाण विचलन ताशी २ किलोमीटर आलं. १९ जणी आहेत, म्हणून सरासरी फरकाची प्रमाण त्रुटी २ भागिले १९ चं वर्गमूळ, म्हणजे ०.४६. टी-तक्त्यातून १८ स्वातंत्र्य मात्रांसाठी २.१ घेतलं तर ९५ टक्के विश्वास मर्यादा सरासरीच्या दोन्ही बाजूंना साधारण १ किलोमीटर येते.

आता समजा डोनटनंतरचा वेग सरासरी ०.८ किलोमीटरने कमी आला. मर्यादा होते उणे १.८ पासून अधिक ०.२ पर्यंत. शून्य त्यात बसतं, म्हणून ‘लक्षणीय नाही’. पण त्याच मर्यादेत ‘जवळजवळ २ किलोमीटरने मंद’ हीसुद्धा शक्यता बसते. त्या मुलीला आपण सांगणार, की काही फरक पडत नाही.

त्यात साधनं आठ, म्हणजे जोड्या २८. एवढ्या तुलना केल्या की योगायोगाने काहीतरी लक्षणीय निघू नये म्हणून कसोटी कडक करावी लागते. बॉन्फेरोनीच्या रीतीने ०.०५ ला २८ ने भागलं तर ०.००१८ उरतात. कसोटी जितकी कडक, तितका लहान फरक हातातून निसटतो. आठ साधनं तपासणं दिसायला भरगच्च वाटतं. पण तीनच तपासली असती तर तेवढ्याच १९ जणींमध्ये जास्त बारीक दिसलं असतं.

म्हणून ‘सॅम्पल लहान आहे’ एवढंच म्हणून हात खाली घेऊ नका. लहान म्हणजे कशासाठी लहान? केवढा फरक पकडायचा होता? तो पकडायला किती जणी लागल्या असत्या? हे तीन प्रश्न विचारलेत तर तुमचं परीक्षण कामाचं होतं. स्वतःच्या सिनॉप्सिसमध्येही आधी लिहून ठेवा, की मैदानावर अर्थ असलेला सगळ्यात लहान फरक केवढा. तो आकडा संगणक देत नाही. कोचशी बोलून ठरवावा लागतो.

तिसरी गाठ: मधले ते दोन स्विंग

ही गोष्ट मला तिसऱ्या वाचनात दिसली.

२००२ साली जपानमध्ये ओत्सुजी, आबे आणि किनोशिता यांनी आठ बेसबॉल-सॉफ्टबॉल खेळाडूंवर एक छोटा अभ्यास केला. ९२० ग्रॅमची बॅट, तिला ८०० ग्रॅमची कडी. कडी काढल्यानंतरच्या पहिल्या स्विंगचा वेग ३.३ टक्क्यांनी कमी झाला. गंमत अशी, की खेळाडूंना मात्र बॅट हलकी आणि स्विंग वेगवान झाल्यासारखा वाटत होता. हाताला झालेला भास आणि यंत्राने दाखवलेला वेग यांची तोंडं दोन दिशांना. ऑन-डेक सर्कलमधल्या त्या ठरलेल्या उत्तराचं मूळ इथे आहे: बॅट हलकी *लागते* हे खरंच आहे, स्विंग फास्ट *येतो* हे नाही.

आता मूळ पेपरकडे या. घट पहिल्या स्विंगला दिसत असेल, तर सिमान्स्की यांनी काय केलं? साधन वापरल्यावर नेहमीच्या बॅटने दोन आरामाचे स्विंग घ्यायला लावले, आणि मोजले त्यानंतरचे. जो परिणाम शोधायचा तो मोजणी सुरू व्हायच्या आधीच धुऊन गेला असेल!

ही चूक सापडली म्हणून मी खूश होते. सेमिनारसाठी स्लाइडही तयार केली. मग एका संध्याकाळी मैदानावर बसून सामना बघताना लक्ष दिलं, की ऑन-डेकमधली मुलगी आपल्या पाळीला नेमकं काय करते. कडी काढते किंवा दुसरी बॅट खाली ठेवते, चालत बॅटर्स बॉक्सकडे येते, आणि बहुतेक वेळा येता येता एक-दोन स्विंग घेते. म्हणजे पेपरमधले ते दोन स्विंग मैदानावरच्या सवयीची नक्कल होती.

दोन्ही पेपर बरोबर असू शकतात, कारण त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. जपानी अभ्यास विचारतो, जड कडीने हात फसतो का? अमेरिकन अभ्यास विचारतो, तो फसवा परिणाम प्लेटपर्यंत टिकतो का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘बहुधा नाही’ असेल, तर कोचला द्यायचा सल्ला सोपा होतो: कडी वापरायची तर वापरा, पण ती काढल्यावर आपल्या बॅटने दोन-तीन स्विंग घेतल्याशिवाय बॉक्समध्ये जाऊ नका. हा सल्ला दोन्हीपैकी एकाही पेपरच्या निष्कर्षात सापडणार नाही. दोन पेपरच्या पद्धती शेजारी ठेवल्या तरच दिसतो. साहित्याचा आढावा म्हणजे ‘अमुकने हे म्हटलं, तमुकने ते म्हटलं’ अशी यादी नाही, असं गाईड सांगतात ते यासाठी.

स्लाइड मी काढून टाकली.

चौथी गाठ: बॅटचा वेग म्हणजे बॅटिंग नव्हे

आपल्याकडच्या विषयांच्या शीर्षकांत एक शब्द हमखास असतो: परफॉर्मन्स. ‘वॉर्मअप पद्धतींचा महिला खेळाडूंच्या बॅटिंग परफॉर्मन्सवर होणारा परिणाम’. माझंही शीर्षक असंच होतं. मोजणार काय होते? टीवर ठेवलेल्या चेंडूला मारताना बॅटचा वेग.

टीवरचा चेंडू वाट बघतो, पिचरचा चेंडू बघत नाही. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर ११ मीटरच्या आसपास उरतं. ताशी १०० किलोमीटरचा चेंडू ते ०.४ सेकंदात पार करतो. तेवढ्यात चेंडू बघायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं, आणि बॅट तिथे पोचवायची.

आता ढोबळ गणित करा. स्विंगला ०.१५ सेकंद लागतात असं धरू. तो ३.३ टक्क्यांनी मंदावला तर बॅट साधारण ५ हजारांश सेकंद उशिरा पोचते. तेवढ्यात ताशी १०० किलोमीटरचा चेंडू १४ सेंटीमीटर पुढे सरकतो. सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच, म्हणजे व्यास १० सेंटीमीटरच्याही आत. चेंडू त्याच्या रुंदीपेक्षा जास्त पुढे निघून गेलेला असतो. मैदानाच्या मधोमध जाणारा फटका फाऊल जायला तेवढं पुरतं.

टीवर हा सगळा हिशेब गैरहजर आहे. तिथे ३ टक्के म्हणजे फक्त ३ टक्के. पिचरसमोर तेच ३ टक्के टायमिंग बिघडवू शकतात. उलटही होऊ शकतं: खेळाडू पहिल्याच चेंडूवर स्वतःला सावरून घेईल आणि काहीच बिघडणार नाही. हे टीवरून कळणार नाही.

पेपरच्या लेखकांनी शीर्षकात ‘बॅटचा वेग’ असंच लिहिलंय, ‘परफॉर्मन्स’ नाही. तेवढे ते प्रामाणिक आहेत. तो शब्द आपण घालतो. वाचताना वेग, लिहिताना परफॉर्मन्स. ही उडी टाळायचा सोपा उपाय आहे: शीर्षकातल्या प्रत्येक नामापुढे लिहा, की हे मी कशाने मोजणार. ज्या नामापुढची जागा कोरी राहील ते खोडा, नाहीतर मोजायची सोय करा.

पाचवी गाठ: वाट पाहण्याचा वेळ, आणि नेरूळ

पेपरमध्ये वॉर्मअप आणि फटका यांच्यात काही सेकंद ते मिनिटभर जातं. सामन्यात? नवव्या क्रमांकाची बॅटर डोळ्यांसमोर आणा. पहिल्या दोन इनिंगमध्ये तीन-तीन जणी सरळ बाद झाल्या, तर तिची पाळी तिसऱ्या इनिंगच्या शेवटी येते. मधे फिल्डिंगला जाऊन येणं, बाकावर बसणं. सामन्याआधीचा वॉर्मअप कधीच थंडावलेला असतो.

याचं ताजं उदाहरण क्रिकेटमधलं आहे, पण आपल्याच गावचं. २०२५ च्या महिला विश्वचषकाचा उपांत्य सामना ३० ऑक्टोबरला आणि अंतिम सामना २ नोव्हेंबरला, दोन्ही नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले. दोन्ही वेळा तिसऱ्या क्रमांकावर जेमिमा रॉड्रिग्ज. उपांत्य सामन्यात तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं, असं तिनंच नंतर सांगितलं. दुसऱ्याच षटकात विकेट पडली, ती आत गेली आणि नाबाद १२७ करून सामना जिंकून आली. अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला. मग स्मृती मानधना आणि शफाली वर्मा यांनी १०४ धावांची सलामी दिली, जेमिमाला अठराव्या षटकापर्यंत वाट पाहावी लागली, आणि तिच्या धावा झाल्या २४.

तुमच्या मनात आलंच असेल: बघा, वाट पाहायला लागली म्हणून कमी धावा झाल्या! नाही. दोन डाव, वेगळे गोलंदाज, वेगळी परिस्थिती, एकच खेळाडू. यावरून काहीच सिद्ध होत नाही. यातून प्रश्न मात्र मिळतो. किस्सा प्रश्नाच्या जागी ठेवा, पुराव्याच्या जागी नको.

त्या प्रश्नावर दुसऱ्या खेळात काम झालंय. २००४ साली डेन्मार्कमध्ये मोर आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळाडू तपासले. हाफटाइमला नुसत्या बसून राहिलेल्यांच्या मांडीच्या स्नायूंचं तापमान जवळपास २ अंशांनी उतरलं आणि त्यांचा स्प्रिंट मंदावला. हलका व्यायाम करत राहिलेल्यांचा तसा मंदावला नाही. नवव्या क्रमांकाच्या बॅटरसाठी हे ऑन-डेकच्या कडीपेक्षा महत्त्वाचं असू शकतं.

पण डेन्मार्क म्हणजे नवी मुंबई नव्हे. ऑक्टोबरच्या उन्हात, खाडीवरच्या दमट हवेत, बाकावर बसलेल्या मुलीचे स्नायू तेवढ्या लवकर थंडावतील का? की इथे उलटा प्रश्न आहे, लांबलचक वॉर्मअपने ती पाळी यायच्या आधीच घामाघूम आणि दमलेली असते?

इथे ‘रिसर्च गॅप’ बद्दल दोन शब्द. ‘नवी मुंबईत असा अभ्यास झालेला नाही’ ही गॅप नाही. पनवेलमध्येही झालेला नाही, उरणमध्येही नाही. मग काय, तालुक्यागणिक प्रबंध लिहायचे? गॅप तेव्हा होते, जेव्हा इथलं उत्तर वेगळं येईल असं मानायला कारण असतं. उष्णता आणि दमटपणा हे तसं कारण आहे. जिल्ह्याचं नाव नाही.

आपल्याकडे करायचं झालं तर

प्रयोगशाळा नाही म्हणून अडू नका, पण हातातलं साधन काय बघू शकतं ते आधी मोजा. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ मिळतो. दोन फ्रेममध्ये साधारण ४ हजारांश सेकंद. आपण शोधतोय तो फरक ५ हजारांशचा, म्हणजे जेमतेम एका फ्रेमचा. मोबाइलने तो भरवशाने पकडता येणार नाही. रडार गन किंवा बॅटला लावायचा सेन्सर उसना मिळतो का ते बघा. नाहीतर प्रश्न बदला, आणि फटक्याची प्रत मोजा.

साधनं तीनच घ्या, जी इथल्या मुली खरंच वापरतात: आपली बॅट, कडी लावलेली बॅट, आणि दोन बॅटी एकत्र. स्पर्धेत ऑन-डेकमध्ये कशाला परवानगी आहे तो नियम आधी वाचा. तीन साधनांचे क्रम सहा होतात. १८ खेळाडू मिळाल्या तर प्रत्येक क्रमाला तिघी. वजनाबरोबर ते बॅटवर कुठे आहे याचीही नोंद ठेवा. टोकाजवळचे ४०० ग्रॅम आणि मुठीजवळचे ४०० ग्रॅम हाताला सारखे लागत नाहीत. दोन बॅटी एकत्र धरणं आणि कडी लावणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

चेंडू पिचरचा असू दे. फटक्याला गुण देणाऱ्याला कुठलं साधन वापरलं ते कळू देऊ नका. तापमान आणि आर्द्रता रोज लिहा. पहिला स्विंग वेगळा नोंदवा, सरासरीत बुडवू नका. आणि मुख्य मोजमाप कुठलं, ते एक, मोजणी सुरू करायच्या आधी कागदावर लिहून गाईडची सही घ्या. नंतर आठ आकड्यांतला सोयीचा उचलायचा मोह सगळ्यांना होतो.

मग डोनटचं काय?

मॅडमच्या प्रश्नाला आज मी असं उत्तर देईन. त्या पेपरच्या आकड्यांवरून डोनट वाईट आहे असं म्हणता येत नाही, आणि डोनट निरुपद्रवी आहे असंही म्हणता येत नाही. बाकी अभ्यास बघता त्याचा फायदा होतो याला फारसा आधार नाही. पहिल्या स्विंगला तोटा होतो याला थोडा आहे, आणि आपल्या बॅटने दोन स्विंग घेतले तर तो बहुधा भरून निघतो. माझ्या पहिल्या वाक्यापेक्षा हे उत्तर लांब आहे, पण ऑन-डेकमध्ये उभ्या मुलीला यातून काहीतरी करता येतं.

माझ्या शीर्षकातून ‘परफॉर्मन्स’ गेला. आता तिथे ‘पिचरच्या चेंडूवरील पहिल्या स्विंगची संपर्क-गुणवत्ता’ असं लांबलचक काहीतरी आहे. ऐकायला बरं वाटत नाही, मैत्रिणी हसतात. पण त्यातला प्रत्येक शब्द कशाने मोजणार, ते मला सांगता येतं.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या सिनॉप्सिसमधलं ‘आधीच्या संशोधनात असं आढळलं आहे’ या धाटणीचं एक वाक्य निवडा. त्यामागचा पेपर पूर्ण उघडा, पद्धतीपासून वाचायला सुरुवात करा, आणि ते वाक्य पुन्हा लिहा. बदललं नाही तर उत्तम. बदललं तर समोरच्या मॅडमनी विचारायच्या आत बदललं, हेही काही कमी नाही.